रॅम जागी होण्याआधी

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की इंटेलचा किंवा २०१७ आधीच्या रचनेचा एएमडीचा प्रोसेसर पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो: मेमरी-पत्त्यांच्या ४ जीबीच्या टोकापासून १६ बाइट खाली. तिथे फ्लॅश चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारा कायमचा प्रोग्राम, असतो. पण तेव्हा रॅम सुरूच झालेली नसते, आणि ती सुरू करणारा प्रोग्राम रॅमशिवायच चालवायचा असतो.

अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९९ साली रॉन मिनिच आणि सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं. रांगेने मांडलेले कॉम्प्युटर एकत्र राबवायचे, तर कंपनीचं बायोस, म्हणजे बोर्डासोबत येणारं फर्मवेअर, एखाद्या क्षुल्लक तक्रारीवर अडून ‘कळ दाबा’ म्हणायचं. कीबोर्ड मात्र कशालाच जोडलेला नाही! त्यातून बायोसच्या जागी बसणारं, खुल्या कोडचं लिनक्सबायोस जन्मलं. २००८ पासून त्याचं नाव कोअरबूट. त्यांचा एक कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) तर सगळी चल मूल्यं प्रोसेसरच्या मोजक्या रजिस्टरांतच, म्हणजे आतल्या इवल्या साठवण-खणांतच, बसवायचा. पुढे प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी, म्हणजे कॅशच, तात्पुरती रॅम म्हणून वापरण्याची युक्ती रुळली.

खरं जिकिरीचं काम त्यानंतरचं. रॅमकडून येणारा प्रत्येक सिग्नल नेमका कधी वाचायचा, हे सेकंदाच्या अब्जांशाहूनही बारीक हिशेबाने जुळवावं लागतं. बोर्ड बदलला की ही जुळणी पुन्हा. चिपमधली कुठली रजिस्टरं त्यासाठी हलवायची, हे चिप बनवणाऱ्यालाच पक्कं ठाऊक. बाहेरच्याने कंपनीचं बायोस काय काय लिहितं त्याची नोंद घेत अंदाज बांधायचे. म्हणून अशा प्रकल्पाला देणगीपेक्षा कागदपत्रं आणि सोर्स कोड मोलाचे, असं मला वाटतं.

२०११ साली एएमडीने तेच दिलं. प्रोसेसर, चिपसेट आणि रॅम सुरू करणारा आपला ‘अजेसा’ कोड कोअरबूटसाठी खुला केला आणि पुढच्या प्रोसेसरांनाही पाठिंबा जाहीर केला. सुरुवात एम्बेडेड, म्हणजे इतर उपकरणांच्या आत बसणाऱ्या, प्रोसेसरांपासून झाली. हा निव्वळ दानधर्म नव्हता. आपल्या यंत्रात नेमकं हवं तेवढंच फर्मवेअर ठेवू पाहणारं गिऱ्हाईक त्याच बाजारात असतं. काही वर्षांतच मात्र नव्या प्रोसेसरांचा सोर्स येणं थांबलं, हाती फक्त बायनरी, म्हणजे यंत्राला कळणारं पण माणसाला सहज न वाचता येणारं रूप. दिलेला कोड खुल्या परवान्याखाली होता, तो कुणी परत घेऊ शकत नव्हतं. पण प्रोसेसर बदलत राहतात. इंटेलने आपला हा भाग बंद बायनरीच्या रूपातच दिला, आणि अनेक क्रोमबुकांतलं कोअरबूट त्याच्यासोबतच चालतं.

२०२३ साली एएमडीने पुन्हा हात पुढे केला. अजेसाची जागा घेणारं ‘ओपनसिल’ जाहीर झालं, एमआयटी या खुल्या परवान्याखाली. मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. २०१७ साली आलेल्या झेन या एएमडीच्या प्रोसेसर मालिकेपासून रॅमची ती किचकट जुळणी मुख्य प्रोसेसर करतच नाही. त्याच चिपमधला एक छोटा आर्म प्रोसेसर ती आधी उरकतो आणि मगच मुख्य प्रोसेसरला जागं करतो. त्या छोट्या प्रोसेसरचं फर्मवेअर कंपनीच्या डिजिटल सहीचं आहे, आणि ओपनसिलच्या घोषणेत ते नव्हतं.