भूल देण्याआधी ‘जेंटा’ची चौकशी का होते?

पोटात अपेंडिक्स फुटलेला रुग्ण चोपडा किंवा शिरपूरकडून जळगाव-धुळ्याला आणला जातो. गावाकडच्या दवाखान्यात त्याला कधी जेंटामायसिन (‘जेंटा’), कधी अमिकासिन हे अँटिबायोटिक टोचलेलं असतं. ते कधी दिलं, किती दिलं, हे भूलतज्ज्ञ खोदून विचारतात. नातेवाईक वैतागतात, पण या चौकशीला सत्तरेक वर्षांची पार्श्वभूमी आहे.

23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भूल देताना क्युरारे वापरलं. तेही अपेंडिक्सचंच ऑपरेशन होतं. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं हे बाणविष. त्यानं पोटाचे स्नायू सैल पडतात आणि सर्जनचं काम हलकं होतं. पुढच्याच वर्षी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक सापडलं, 1949 मध्ये त्याच गटातलं निओमायसिन. जेंटामायसिन, अमिकासिनही याच अमिनोग्लायकोसाइड गटातले. पोटात पू झालेला असला की सर्जन निओमायसिन थेट पोटात सोडू लागले. 1956 मध्ये प्रिजेन या सर्जननं लिहून ठेवलं की अशा रुग्णांचा श्वास थांबला, आणि संशय निओमायसिनवरच होता.

कारण नंतर उलगडलं. मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं की अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूला संदेश देणारं रसायन सुटतं आणि स्नायू आखडतो. या गटातली औषधं कॅल्शियमची वाट अडवतात, शिवाय स्नायूचा प्रतिसादही मंदावतात. त्यात स्नायू सैल करणारं औषध आधीच दिलेलं असेल, तर त्याचा अंमल लांबतो. शिरेतून कॅल्शियम दिलं तर काही वेळा फरक पडतो, सैल पडलेल्या स्नायूंचं बळ परत आणणाऱ्या निओस्टिग्मिननंही थोडाफार. पॉलिमिक्सिन या दुसऱ्या अँटिबायोटिक गटापुढे मात्र निओस्टिग्मिनचं फारसं चालत नाही. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिकही स्नायू सैल करणाऱ्यांच्या याच यादीत. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन यांची ही भीती नाही, त्यामुळे ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या सेफाझोलिनला घाबरायचं कारण नाही.

माझ्या मते खान्देशात याहून मोठी मेख वेगळीच आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर तिचं विष मज्जातंतू आणि स्नायूच्या याच सांध्यावर घाव घालतं. अशा रुग्णाला जेंटामायसिन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कपाशीवरच्या फवारणीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट अंगात गेलेलं असेल, तर रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर घटतं आणि त्याच्यामुळे एरवी काही मिनिटांत ओसरणारं सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारं औषध रेंगाळतं. भूलतज्ज्ञ साप आणि फवारणीबद्दलही विचारतात ते म्हणूनच.

2008 मध्ये युरोपात सुगामाडेक्सला मान्यता मिळाली. ते रोक्युरोनियम, वेक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधांना मिठी मारून निकामी करतं. जेंटामायसिनला मात्र ते पकडत नाही. जेंटामायसिनचा स्वतःचा परिणाम राहतोच.