पत्रकारिता व जनसंज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

पत्रकारिता आणि जनसंज्ञापन या विषयाची शैक्षणिक पात्रता इतर अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या तुलनेत बरीच सैल आहे. रसायनशास्त्राचा, वाणिज्याचा किंवा अभियांत्रिकीचा पदवीधरही बहुतेक विद्यापीठांत या अभ्यासक्रमाला अर्ज करू शकतो आणि पदवीला हाच विषय असण्याची अट सहसा नसते. या सैलपणामुळे अर्जदारांचे सारे लक्ष प्रवेश परीक्षेवर राहते आणि दाखल्यांचा विचार निकाल लागल्यानंतर सुरू होतो. पदवी कोणतीही चालत असली, तरी दाखला कोणताही चालत नाही, हे तेव्हा लक्षात येते. पुढील माहिती महाराष्ट्रातील अर्जदार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

प्रवेशाचे मार्ग ढोबळमानाने दोन आहेत. पहिला राज्यातील विद्यापीठांचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ सालापासून सुरू आहे, तर मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि इतर विद्यापीठांतही हा विषय शिकवला जातो. या ठिकाणी विद्यापीठ स्वतः जाहिरात काढते, स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज घेते आणि आपल्या नियमांप्रमाणे निवड करते. दुसरा मार्ग केंद्रीय विद्यापीठांचा. तेथे राष्ट्रीय चाचणी संस्था २०२२ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेते, जिला विद्यार्थी सीयूईटी पीजी म्हणतात. संगणकावर होणाऱ्या या परीक्षेत ७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा होतो. या विषयाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते, ही गोष्ट मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावी.

सामाईक परीक्षेचा अर्ज हा प्रवेशाचा अर्ज नव्हे. चाचणी संस्था फक्त परीक्षा घेते आणि गुण जाहीर करते. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, पसंतीक्रम द्यावा लागतो आणि त्या विद्यापीठाचे शुल्क भरावे लागते. परीक्षेत उत्तम गुण मिळूनही ही दुसरी नोंदणी राहून गेली, तर विद्यापीठाच्या दृष्टीने तो विद्यार्थी अस्तित्वातच नसतो.

पात्रतेच्या बाबतीत किमान गुणांची अट संस्थेनुसार बदलते आणि राखीव प्रवर्गांना बहुधा सवलत असते. काही संस्था वयोमर्यादाही घालतात. मोठ्या खंडानंतर शिकू इच्छिणाऱ्यांनी म्हणून माहितीपुस्तिकेतील हे कलम सर्वांत आधी वाचावे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो, परंतु तो प्रवेश तात्पुरता असतो आणि दिलेल्या मुदतीत अंतिम गुणपत्रक दाखवावे लागते. गुणपत्रकावर श्रेणी असेल आणि अर्जात टक्केवारी विचारली असेल, तर विद्यापीठाने दिलेले रूपांतराचे सूत्र वापरावे. घरच्या घरी केलेला गुणाकार पडताळणीत मान्य होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा होऊ शकतो, तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी तो दोन वर्षांचा असतो.

खरी गुंतागुंत आरक्षणाच्या दाखल्यांत आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि त्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेचे जुने रजिस्टर उघडायला लावणे हे दोन दिवसांत उरकणारे काम नाही. ज्यांच्याकडे दाखलाच नाही, त्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच या कामाला लागावे. राज्यातील संस्था जात वैधता प्रमाणपत्र मागते का, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे, कारण पडताळणी समितीकडे अर्ज केल्यावर प्रमाणपत्र हाती येईपर्यंत महिने जाऊ शकतात.

राज्याचा दाखला केंद्रीय विद्यापीठात जसाच्या तसा चालेल असे मानणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. इतर मागास वर्गाच्या उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच असावे लागते. विद्यार्थी त्याला ‘सेंट्रलचा दाखला’ म्हणतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग ही महाराष्ट्राची वर्गवारी आहे, केंद्रात असे स्वतंत्र प्रवर्ग नाहीत. या उमेदवारांनी आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे हे तपासूनच अर्जातील रकाना भरावा. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १० टक्के आरक्षणही राज्यापुरते आहे. केंद्रीय विद्यापीठात अर्ज करताना असा उमेदवार निकषांत बसत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करू शकतो.

इतर मागास वर्गाच्या उमेदवाराला आपण त्या वर्गातील संपन्न गटात मोडत नसल्याचा, म्हणजे नॉन क्रीमीलेअरचा दाखलाही लागतो. या दाखल्यात आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यात उत्पन्नाची मोजणी सारखी नसते. नॉन क्रीमीलेअर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक या दोहोंची मर्यादा वार्षिक आठ लाख रुपयेच आहे. मात्र नॉन क्रीमीलेअरच्या मोजणीत पालकांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. पालक शासकीय सेवेत असतील, तर त्यांच्या पदाचा दर्जा वेगळा पाहिला जातो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यात मागील आर्थिक वर्षाचे वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व मार्गांचे उत्पन्न मोजतात. शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास, उत्पन्न कमी असले तरी, तो दाखला मिळत नाही. हे दोन्ही दाखले आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. सामाईक परीक्षेचा अर्ज साधारणपणे हिवाळ्यात भरला जातो आणि प्रवेशाच्या फेऱ्या उन्हाळ्यानंतर होतात, मध्ये ३१ मार्च येऊन जातो. अर्जाला जोडलेला दाखला म्हणून प्रवेशाच्या दिवशी जुना ठरू शकतो आणि १ एप्रिलनंतर काढलेला नवा दाखला सोबत असणे हिताचे ठरते.

नावाची जुळवणी हा दुसरा त्रासाचा विषय. आपल्याकडील दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येते, आधार कार्डावर अनेकदा शेवटी येते, तर पदवीच्या कागदावर वडिलांच्या नावाची केवळ आद्याक्षरे असतात. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे लिहावे आणि शक्यतो आधारवरील नाव त्याच्याशी आधी जुळवून घ्यावे. विवाहानंतर नाव बदललेल्या अर्जदारांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जवळ ठेवावे.

उरलेली कागदपत्रे नेहमीचीच आहेत: दहावी, बारावी व पदवीची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, छायाचित्र आणि स्वाक्षरी. दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि ते मूळ विद्यापीठाकडूनच मिळते. ते काढल्यावर त्याच विद्यापीठात पुन्हा शिकण्याचा विचार बदलला, तर आणखी कागद लागतात, म्हणून प्रवेश निश्चित झाल्यावरच ते काढावे. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळाबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागतात. एखाद्या दैनिकात किंवा वाहिनीत काम केल्याचे पत्र असल्यास ते मुलाखतीला न्यावे, मात्र त्याने गुणांची अट शिथिल होत नाही.

प्रवेश झाल्यावर शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. एकाहून अधिक खाती असणाऱ्यांनी त्यातील नेमके कोणते आधारशी जोडले आहे, याची बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी.