कंडिशनल फॉरवर्डिंग व स्टब झोन

एखाद्या डोमेनविषयीचे प्रश्न रूट सर्व्हरपासूनच्या (नावांच्या उतरंडीतील सर्वांत वरच्या सर्व्हरपासूनच्या) नेहमीच्या वाटेने न पाठवता ठरावीक नेम सर्व्हरांकडे (डोमेनच्या नोंदी देणाऱ्या सर्व्हरांकडे) वळविण्याच्या डीएनएसमधील (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतील) दोन पद्धती. एकमेकांशी जोडलेल्या खासगी नेटवर्कांत त्या विशेष वापरल्या जातात.

डीएनएसच्या १९८७ मधील मूळ मानकांत (आरएफसी या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांपैकी १०३४ व १०३५) ‘स्टब रिझॉल्व्हर’ (शोधाचे काम दुसऱ्या सर्व्हरवर सोपविणारा साधा क्लायंट) आहे, ‘स्टब झोन’ नाही (झोन म्हणजे एकत्र सांभाळला जाणारा नावांचा विभाग). नामसाम्यापलीकडे दोहोंचा संबंध नाही. स्टब झोनची कल्पना बाइंड या डीएनएस सर्व्हर सॉफ्टवेअरची असून ती साधारणतः त्याच्या ४.९ मालिकेपासून आढळते. ती डीएनएसचा प्रमाणित भाग नव्हे, हे बाइंडची माहितीपुस्तिकाच सांगते. ‘फॉरवर्डर’ची (ज्याच्याकडे प्रश्न पुढे पाठविले जातात त्या सर्व्हरची) व्याख्या आरएफसी २३०८ (१९९८) मध्ये आली. डोमेनगणिक फॉरवर्डिंग बाइंडच्या ८.२ आवृत्तीच्या सुमारास मिळू लागले. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये दोन्ही सोयी एकदमच आल्या. त्या एकमेकींच्या पर्याय आहेत हा समज बहुधा तेथूनच रुजला.

दोहोंतील भेद पुष्कळदा साठवणुकीवरून सांगितला जातो : फॉरवर्डिंगमध्ये प्रशासकाने हाताने लिहिलेले आयपी पत्ते असतात, तर स्टब झोनमध्ये मास्टर सर्व्हरकडून (झोनची मूळ प्रत असलेल्या सर्व्हरकडून) आणलेल्या एसओए (झोनची मूलभूत माहिती), एनएस (नेम सर्व्हरांची नावे) आणि नेम सर्व्हरांच्या पत्त्यांच्या नोंदी. या नोंदी एसओएतील रिफ्रेश मुदतीनुसार ताज्या होतात. म्हणून पलीकडे नेम सर्व्हर बदलले तरी इकडे हात लावावा लागत नाही. हे खरे असले तरी प्रश्नाच्या प्रकारावरून केलेला भेद अधिक मूलगामी आहे. फॉरवर्डिंगमध्ये आरडी (‘रिकर्जन डिझायर्ड’, म्हणजे पूर्ण शोधाची विनंती) बिट १ असलेला प्रश्न जातो, म्हणजे पूर्ण उत्तर शोधण्याचे काम समोरच्यावर सोपविले जाते. स्टब झोन फक्त अधिकृत सर्व्हर (झोनच्या स्वतःच्या नोंदी बाळगणारे) कोठे आहेत ते सांगतो. पुढचा शोध आपला सर्व्हर स्वतः घेतो. अनबाउंड या दुसऱ्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्येही विभागणी याच तत्त्वावर आहे : फॉरवर्ड झोन रिकर्सिव्ह (पूर्ण शोध घेणाऱ्या) सर्व्हरांसाठी, स्टब झोन अधिकृत सर्व्हरांसाठी.

म्हणूनच रिकर्जन बंद असलेल्या अधिकृत सर्व्हरकडे फॉरवर्डिंग केले, तर त्या झोनमधील नावे मिळतात. पण उपडोमेन दुसऱ्या सर्व्हरांकडे सोपविलेले असल्यास उत्तराऐवजी रेफरल (‘त्या सर्व्हरांना विचारा’ असा निर्देश) येते आणि क्लायंटला बहुधा ‘सर्व्हफेल’ (सर्व्हर अयशस्वी) ही त्रुटी दिसते. उलट, स्टब झोनसाठी एनएस नोंदींतील सर्व सर्व्हरांपर्यंत डीएनएसचे पोर्ट ५३ खुले हवे. फायरवॉलमधून एकदोनच पत्ते मोकळे असतील, किंवा एनएस नोंदींत नॅटमागचे (पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेमागचे, बाहेरून न पोचता येणारे) पत्ते असतील, तर फॉरवर्डिंगच सोयीचे. सर्व्हरांचे पत्ते आपणच ठरवावेत पण शोधही स्वतःच घ्यावा, यासाठी बाइंड ९.८ मध्ये ‘स्टॅटिक-स्टब’ हा तिसरा प्रकार आला.

बाइंडमध्ये ‘फॉरवर्ड फर्स्ट’ हे मूळ सेटिंग असते. फॉरवर्डरकडून उत्तर न आल्यास खासगी नावे सार्वजनिक रूटकडे विचारली जातात. खासगी झोनसाठी ‘फॉरवर्ड ओन्ली’ आवश्यकच मानावे. डीएनएससेक पडताळणी (उत्तरांवरील डिजिटल सह्यांची तपासणी) चालू असल्यास दोन्ही पद्धतींत एकच अडचण येते. सार्वजनिक रूटमध्ये नसलेले डोमेन (उदा., खासगी वापरासाठी आयकॅन या डोमेन नावांचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये राखून ठेवलेले ‘.इंटर्नल’) अस्तित्वात नसल्याचा सही केलेला पुरावाच रूटकडून मिळतो, आणि खरे उत्तर नाकारले जाते. अशा डोमेनला पडताळणीतून वगळावे लागते. आरएफसी ७६४६ मधील निगेटिव्ह ट्रस्ट अँकर (ठरावीक डोमेनची पडताळणी थांबविणारे सेटिंग) ही त्याची एक रीत.