हात अडखळतो की भाषा?

दात घासायच्या ब्रशसाठी कर्णबधिरांच्या बऱ्याच सांकेतिक भाषांत ताठ तर्जनी ओठांपुढे मागेपुढे हलवतात. इथे बोट म्हणजेच ब्रश. ही भाषा न येणाऱ्या माणसाला ‘ब्रश कसा करतोस ते दाखव’ म्हटलं, तर तो मूठ वळतो, नसलेला दांडा धरतो आणि हात हलवतो. ठाणे स्टेशनच्या समोरच्या फलाटावरून बघणाऱ्याला दोन्ही हालचाली सारख्याच वाटतील. मेंदूच्या लेखी मात्र पहिला शब्द आहे आणि दुसरा अभिनय.

ब्रिटिश सांकेतिक भाषा वापरणाऱ्या एका कर्णबधिर रुग्णावरचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर त्याला वस्तूंच्या खुणा आठवेनात. तीच वस्तू वापरायचा अभिनय मात्र जमे, अगदी खूण आणि अभिनय दिसायला जवळपास सारखे असले तरीही. हात तेच, बोटं तीच, गेला होता तो शब्द.

याचा पाया अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये उर्सुला बेलुगी, एडवर्ड क्लिमा आणि हॉवर्ड पॉइझनर यांनी घातला. 1987 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष त्या काळी अनेकांना उलटा वाटला. सांकेतिक भाषा डोळ्यांनी वाचायची आणि जागेत मांडायची असते, त्यामुळे ती मेंदूच्या उजव्या भागात असणार, असा सर्वसाधारण समज होता. कारण जागेचं भान मुख्यत्वे उजवीकडे सांभाळलं जातं. प्रत्यक्षात, बोलणाऱ्या माणसाची वाचा डाव्या भागाला इजा झाल्यावर जाते, तशीच कर्णबधिरांची खुणांची भाषाही डाव्या भागाला इजा झाल्यावर बिघडत होती. उजवीकडे इजा झालेली एक रुग्ण स्वतःच्या खोलीचं वर्णन करताना सगळं सामान उजव्या बाजूला रचून ठेवायची, डावी बाजू रिकामी. व्याकरणासाठी, म्हणजे कोणी कोणाला हे दाखवायला, डावीकडची जागा लागली की तीच बाई ती जागा बिनचूक वापरायची. म्हणजे डावी बाजू ‘खोली’ म्हणून हरवली होती, ‘वाक्य’ म्हणून शाबूत होती.

1999 मध्ये आणखी बारीक तपशील मिळाला. एक कर्णबधिर रुग्ण मेंदूच्या शस्त्रक्रियेत जागा होता आणि खुणा करत होता. ब्रोका भागाला, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे असलेल्या, उच्चार जुळवणाऱ्या भागाला सौम्य विद्युत्प्रवाह दिला की बोटांची ठेवण सैल पडायची, जणू जीभ जड झाली आहे. थोडं मागे, सुप्रामार्जिनल भागाला प्रवाह दिला की खूण स्वच्छ यायची, पण बऱ्याचदा चुकीची. उच्चार बिघडणं आणि शब्द चुकणं, हे दोन बिघाड हातातसुद्धा वेगळे काढता येतात.

हे सगळं भाषा पूर्ण तयार झालेल्या मोठ्या माणसांचं. मुलांमध्ये भाषा अजून बांधली जात असते. गिलावा झालेल्या घराचा एक खांब काढणं वेगळं आणि तो खांब नसतानाच घर उभं करणं वेगळं. जागेचं आणि आकाराचं भान विकासातच कच्चं राहिलेल्या एका कर्णबधिर व्यक्तीचा अभ्यास 2002 मध्ये ब्रिटनमध्ये झाला. तिचा शब्दसंग्रह चांगला होता आणि नकारासारखी, जागेवर न टेकणारी वाक्यरचनाही ठीक होती. पण ‘कप पुस्तकाच्या डावीकडे आहे’ हे दोन हातांनी हवेत मांडायला ती चुकायची. ‘देणे’सारख्या क्रियापदांतही तीच अडचण. ही खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते, आणि ‘मी तुला’ की ‘तू मला’ हे हाताची दिशाच सांगते. सॉल्कमधल्या त्या बाईचं व्याकरण उजव्या भागाच्या इजेनंतरही वाचलं, हिचं मुळातच अर्धवट उभं राहिलं. प्रौढांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे मुलांना लावू नयेत, ते यासाठी.

बोलणाऱ्या मुलांत साधारण 7 टक्क्यांना भाषाविकासाचा विशिष्ट दोष असतो. ऐकू नीट येतं, बुद्धी ठीक असते, पण वाक्य बसत नाही. कर्णबधिर मुलांतही असा गट आहे, हे लंडनमध्ये गॅरी मॉर्गन, बेन्सी वॉल आणि सहकाऱ्यांनी 2007 नंतर दाखवून दिलं. तोपर्यंत अशा मुलाबद्दल ‘बहिरा आहे, म्हणून मागे आहे’ एवढंच म्हटलं जाई. आता खुणांच्या भाषेतली वाक्यं ऐकवून, खरं तर दाखवून, तशीच परत करायला सांगतात. दोष असलेलं मूल खुणांचा क्रम बदलतं, चेहऱ्यावरचं व्याकरण (भुवयांच्या हालचालींसारखे इशारे) गाळतं, क्रियापदाची दिशा विसरतं. त्याच शाळेतली, त्याच वयाची, तितक्याच वर्षांपासून ही भाषा वापरणारी मुलं हे करत नाहीत. तुलना याच मुलांशी करायची, ऐकणाऱ्या मुलांशी नव्हे.

कोणत्या चुका वयाच्या आहेत, हेही माहीत हवं. लहान मूल बोटांची अवघड ठेवण सोपी करतं, म्हणजे मूठ, सपाट पंजा किंवा एक तर्जनी यांवर भागवतं. मनगटाची हालचाल कोपराने किंवा खांद्यानेही करतं. बोबडं बोलणंच म्हणा. डावखुरं मूल सगळं उलट हाताने करतं, तीही चूक नाही. घरची खूण शब्दकोशातल्या व्हिडिओपेक्षा वेगळी असली तरी बिघडलं असं नाही. दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बेंगळुरूच्या खुणा 1970च्या दशकात तपासल्या तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश जुळल्या होत्या, उरलेल्यांत फरक होता. आणि ‘तू – ठाणे – राहणे – कुठे’ हे मोडकं मराठी नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नकारही शेवटी. असं वाक्य वहीत उतरलेलं पाहून मुलाला ‘भाषेत कच्चा’ ठरवणं ही वाचणाऱ्याची चूक.

स्वमग्नतेत (ऑटिझममध्ये) एक गोष्ट लक्षवेधी आहे. ॲरन शील्ड आणि रिचर्ड मायर यांनी 2012 मध्ये कर्णबधिर आईवडिलांच्या स्वमग्न मुलांच्या खुणा तपासल्या. तळवा समोरच्याकडे असायला हवा तिथे काही मुलं तो स्वतःकडे वळवत होती. स्वमग्न नसलेल्या कर्णबधिर मुलांत ही चूक जवळजवळ आढळत नाही. आई समोर बसून खूण करते तेव्हा मुलाला तिचा तळवा दिसतो. मूल जे दिसतं तेच जसंच्या तसं करून दाखवतं, म्हणजे स्वतःच्या हातावरही स्वतःला तळवाच दिसेल असा हात धरतं. आईच्या जागी स्वतःला ठेवून हात फिरवायचा, हा टप्पा गळतो. काही ऐकू येणारी स्वमग्न मुलं टाटा करताना तळवा स्वतःकडे ठेवतात, ते आठवून बघा. दुसऱ्याची वाक्यं तशीच परत म्हणत राहणं हातांतही दिसतं. एका उलट तळव्यावरून निदान करता येत नाही, पण चार-पाच वर्षांच्या मुलात तो वारंवार दिसला तर नोंदवून ठेवावा.

मात्र या सगळ्यात गोंधळ घालणारी एक मोठी गोष्ट आहे, उशीर. कर्णबधिर मुलांतली बहुतेक मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात, आणि त्यांना पहिली खरी भाषा कधी कधी शाळेतच भेटते. रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दोन गटांची तुलना केली. पहिल्या गटातले लोक लहानपणी तोंडाने बोलायची भाषा शिकले, नंतर बहिरे झाले आणि सांकेतिक भाषा उशिरा शिकले. दुसऱ्यांना आधी कुठलीच भाषा नीट मिळाली नव्हती. दोघांनीही ती जवळपास सारख्या वयात शिकायला घेतली, तरी पहिला गट बराच पुढे राहिला. सहा वर्षांच्या मुलाची वाक्यं तुटक असतील, तर पहिला प्रश्न ‘दोष कोणता?’ हा नसून ‘खुणा कोणत्या वर्षी सुरू झाल्या, आणि घरात कोण करतं?’ हा असतो. फाइलच्या पहिल्या पानावर हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या चाचण्यांचे आकडे फारसे कामाचे नाहीत.

‘खुणा शिकवल्या तर बोलणार नाही’ ही भीती ऐरोलीपासून डोंबिवलीपर्यंत घरोघरी भेटते. विकासात्मक दोष असलेल्या मुलांवरच्या अभ्यासांचा आढावा 2006 मध्ये घेतला गेला. त्यात खुणा, चित्रं अशी साधनं वापरलेल्या, नीट नियंत्रित नोंदी असलेल्या 27 मुलामाणसांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. 89 टक्क्यांत थोडंफार वाढलं, उरलेल्यांत तेवढंच राहिलं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तर हात जिभेच्या आधी तयार होतो. त्यांच्यासाठी पूर्ण वाक्य तोंडाने बोलायचं आणि फक्त मुख्य शब्दांची खूण करायची. सुरुवातीला आठ-दहा शब्द पुरेत, आणि ते सगळे खाण्याचे नसावेत. ‘अजून’, ‘संपलं’, ‘नको’, ‘मदत’, ‘बाबा कुठे’ यांतून मूल संवाद शिकतं, नुसतं मागणं नाही. खुणा स्वतः तयार करू नका. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात 2021 पासून 10,000 शब्द व्हिडिओसह आहेत.

तपासणीचा क्रमही नीट हवा. हाक मारल्यावर मूल बघत नाही, एवढ्यावरून स्वमग्नता ठरत नाही. आधी श्रवण तपासा, आणि ओएईवर, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीवर, थांबू नका. कानाच्या आतल्या केसपेशी ठीक पण श्रवणाच्या मज्जातंतूचा संदेशच विस्कळीत, अशा प्रकारात ओएई उत्तीर्ण होते आणि दोष बेरामध्येच, म्हणजे हा संदेश मेंदूपर्यंत कसा जातो ते मोजणाऱ्या चाचणीतच पकडला जातो. उलटही होतं. बहिरेपण सापडलं की सगळं त्याच्यावर ढकललं जातं आणि स्वमग्नता वर्षानुवर्षं झाकली जाते. खुणांवर जगणारं मूल चेहऱ्याकडे जास्तच बघतं, कारण तिथेच भाषा असते. म्हणून खांद्यावर हलकं टॅप केल्यावरही नजर टाळणारं कर्णबधिर मूल गांभीर्याने घ्यावं. श्रवणासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि बौद्धिक विकासासाठी खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र, अशा दोन ठिकाणी जाणाऱ्या पालकांनी दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेवाव्यात.

सोबत मोबाइलवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ न्या. तज्ज्ञासमोर मूल बुजतं, घरी नाही. फोन टेबलावर टेकवून ठेवा, हातात धरू नका. चौकटीत डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही कोपरं यायला हवीत. मुलाशी खुणा करणारा माणूसही बाजूने दिसू द्या, नाहीतर मूल स्वतः बोलतंय की नक्कल करतंय हे कळत नाही. मुलाची पाठ खिडकीकडे नको, चेहरा काळा पडतो आणि भुवया दिसत नाहीत. व्याकरण भुवयांत असतं. अंधाऱ्या वन रूम किचनमध्ये संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली वेगवान बोटं पुसट येतात, त्यापेक्षा सकाळी दहाच्या उजेडात काढा. नक्षीचा शर्ट टाळून हाताच्या रंगाहून वेगळा, एकरंगी घाला. आणि ‘दाखव ना, दाखव ना’ करत सगळे शब्द वदवून घेऊ नका. आईने मुद्दाम एक भाजी विसरून पिशवी रिकामी केली, की मूल जे आपणहून सांगतं ते तपासणाऱ्याला हवं असतं.