इटॅलिक म्हणजे वाकवलेलं अक्षर नव्हे

संगणकावर तिरप्या 'आय'चं बटण दाबलं की रोमन लिपीतला मजकूर उजवीकडे झुकतो. पण हे झुकणं दोन तऱ्हांचं असतं, आणि ते ओळखायला एक छोटं 'ए' पुरतं. टाइम्स न्यू रोमन या फॉन्टमधल्या उभ्या 'ए'ला वर आकडी आणि खाली पोट असतं. तिरपं करताच आकडी जाते, हाताने लिहितो तसं गोलसर 'ए' उरतं. हे खरं इटॅलिक. हेल्वेटिका फॉन्टातलं 'ए' मात्र आकडीसकट 12 अंशांनी कलतं, बस्स. हे ओब्लिक.

इटॅलिकचं मूळ व्हेनिसमध्ये आहे. मुद्रक आल्डुस मानुशियसने 1501 साली प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची हातात मावेल अशी आवृत्ती काढली. तिचे छपाईचे खिळे फ्रांचेस्को ग्रिफोने घडवले, ते त्या काळच्या विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून. अख्खं पुस्तक त्याच अक्षरात! शब्दावर जोर देण्यासाठी इटॅलिक ही रीत नंतरची. आणि गंमत बघा, त्यातली कॅपिटल अक्षरं चक्क सरळ उभी होती. तेव्हा कलणं ही इटॅलिकची ओळखच नव्हे. लिहित्या हाताचं वळण ही त्याची ओळख. उभ्या टाइपच्या कुटुंबात, म्हणजे एकाच घडणीच्या अक्षरसंचात, ते पुढे दत्तक गेलं.

ओब्लिक हे घरचंच अपत्य, पण तेही नुसतं ढकलून होत नाही. सारख्या जाडीचं गोल 'ओ' घ्या आणि 12 अंशांनी कलवा. वरचा उजवा आणि खालचा डावा भाग सुमारे 11 टक्के जाड होतो, उरलेले दोन कोपरे सुमारे 10 टक्के बारीक. त्रिकोणमितीचा हा हिशोब डोळ्याला लगेच खुपतो. अक्षर एका अंगाला सुजल्यासारखं दिसतं. म्हणून चांगला आरेखक प्रत्येक वळण पुन्हा हाताने दुरुस्त करतो. मला विचाराल तर ओब्लिकची खरी कसोटी 'ओ'वरच लागते.

कुटुंबात तिरपा टाइप नसेल, तर ब्राउझर उभ्या अक्षरांनाच ढकलून वेळ मारून नेतो. देवनागरीच्या वाट्याला बहुधा हेच येतं, कारण आपल्या बऱ्याचशा फॉन्टांत वेगळं इटॅलिक आखलेलंच नसतं. मग काने कलतात, शिरोरेषा मात्र आडवीच्या आडवी.