दारू सुटते, मग खरं काम सुरू होतं

व्यसनी माणसाच्या घरचे एकच मागणं घेऊन येतात: "डॉक्टर, काहीही करा, पण याची दारू सोडवा." प्रत्यक्षात दारू थांबवणं हा उपचाराचा सगळ्यात छोटा टप्पा आहे.

छोटा असला तरी धोक्याचा. रोजच्या गुंगीशी जुळवून घेताना मेंदूतली शांत करणारी 'गाबा' यंत्रणा मंदावते आणि चेतवणारं ग्लुटामेट जोर धरतं. दारू अचानक बंद झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास होतात. हे जिवावरही बेतू शकतं, त्यामुळे घरात कोंडून ठेवणं हा उपाय नव्हेच. त्यात जेवण टाळून पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आटलेलं असतं. अशाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही ती साखर वापरण्यात संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मग चाल अडखळते, नजर ठरत नाही, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. वेळेवर दिलेलं थायमिनचं साधं इंजेक्शन हे टाळू शकतं.

आठवडा-दहा दिवसांत अंगात त्राण येतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि नेमका तिथंच घात होतो. पगाराचा दिवस, संध्याकाळची ठरलेली वेळ, नाक्यावरचा बार, घरातलं भांडण यांच्याशी मेंदूनं दारूची गाठ मारलेली असते. नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळीनं तलफ कमी होते, पण रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं हे गोळी शिकवत नाही.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात म्हणूनच औषधांच्या जोडीला समुपदेशन, योग आणि गटचर्चा आहेत. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथं कार्यकर्ते म्हणून उभी राहतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पत्नींसाठीचा 'सहचरी' गट. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणारी, त्याच्या ऑफिसात खोटं सांगणारी बाई तो शुद्धीवर आला म्हणून एका रात्रीत निर्धास्त होत नाही. ती खिसे तपासत राहते, तो चिडतो, "एवढं सोडूनही विश्वास नाही ना?" म्हणत बारकडे वळतो. तिची भीती हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि पाय घसरलाच, तर "सगळं फुकट गेलं" असं घरच्यांनी म्हणू नये. शरमेनं तोंड लपवणारा माणूस पुन्हा पितो; त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करणाऱ्याचा तोल लवकर सावरता येतो.