व्हिंटेज मोटारसायकलची नोंदणी: अर्जाआधी इंजिन आणि चेसिसचे नंबर नीट वाचून घ्या

जुन्या मोटारसायकलचा अर्ज अडतो तो बहुधा एकाच ठिकाणी. आरसी-टीसी बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणी आणि कराच्या पुस्तकात, इंजिन नंबर एक असतो आणि गाडीवर दुसराच निघतो. फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो, पण ही गाठ सोडवायला महिने जातात. म्हणून नियम सांगतोच, पण जास्त वेळ त्या नंबरांवर घालवणार आहे.

नियम काय आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ८१अ पासून ८१ग पर्यंतचे नवे नियम आले. त्यानुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. यात स्कूटरही येते, बाहेरून आयात केलेली गाडीही येते. वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात, बनल्याच्या वर्षापासून नाही. युद्धात लष्करासाठी बनलेली आणि नंतर लिलावात निघून इथे नोंदलेली गाडी असेल तर हा फरक काही वर्षांचा पडतो.

दुसरी अट जास्त कडक आहे. गाडी मूळ रूपात हवी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नको. मोठा फेरबदल म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात केलेला बदल. इंजिन जुळत नसेल तर अर्ज इथेच अडकतो.

नव्या व्हिंटेज नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार लागतात. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक तसाच राहतो, हा मला या नियमातला सगळ्यात चांगला भाग वाटतो. १९८९ च्या आधीचे तीन अक्षरी क्रमांक ज्यांच्या गाडीवर आहेत त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. भारतात पहिल्यांदाच नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला क्रमांक मिळतो.

पण अर्ज करण्याआधी एक विचार करा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि तिथवर जाणं-येणं, एवढीच मुभा आहे. तुमच्या बुलेटची साधी नोंदणी चालू असेल आणि दर रविवारी तुम्ही तिच्यावर लोणावळ्याला जात असाल, तर व्हिंटेजच्या मागे लागू नका. फॉर्म २५ भरून पाच वर्षांचं नेहमीचं नूतनीकरण करा आणि पर्यावरण कर भरा. नंबर मात्र दोन्हीकडे जुळावे लागतात.

'जुळत नाही' म्हणजे नक्की काय

या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली गोष्ट म्हणजे कागदावरची चूक. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढवताना, म्हणजे बॅकलॉग एंट्री करताना, शून्याचं 'ओ' होतं, एकचं 'आय' होतं, नाहीतर नंबराआधीची अक्षरंच गळतात. धातू बरोबर असतो, कागद चुकलेला असतो. मूळ बुक आणि पेन्सिल प्रिंट (ठशावर कागद ठेवून पेन्सिल घासून उतरवलेला नंबर) जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला की हे मिटतं.

दुसरी म्हणजे गाडीवरचा नंबर आरसीशी जुळत नाही. हा कायद्याचा प्रश्न आहे.

तिसरी म्हणजे इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर एकमेकांशी जुळत नाही. हा कित्येकदा प्रश्नच नसतो. बीएसए या इंग्रजी कंपनीच्या एम२०, एम२१, बी३१, बी३३ या गाड्यांवर इंजिन आणि फ्रेमचे नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे निघत. याउलट १९६३ नंतरच्या ६५० सीसी ट्रायम्फ ट्विनवर (दोन सिलिंडरच्या गाडीवर) दोन्हीकडे एकच नंबर ठोकलेला असे. म्हणजे वेगळे नंबर अशा ट्रायम्फवर दिसले तर शंका घ्यायची, आणि बीएसएच्या वरच्या गाड्यांवर अगदी एकसारखे दिसले तर तिथेच थांबून ठसा नीट बघायचा. गाडी कुठली आहे हे कळल्याशिवाय 'मॅचिंग नंबर' या शब्दाला काही अर्थ नाही. विकणारा हा शब्द पहिल्याच वाक्यात वापरतो, म्हणून हे लक्षात असू द्या.

ठसा वाचायचा कसा

बुलेटवर इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या खोळीवर असतो आणि चेसिस नंबर हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर. तिथे आधी ग्रीस आणि रंगाचे थर काढावे लागतात. पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश आणि सुती कापड घ्या. वायर ब्रश, ग्राइंडर, सँडब्लास्टिंग यांना त्या जागेच्या जवळही येऊ देऊ नका. ठशाच्या कडा झिजल्या की खरी गाडीसुद्धा संशयित होते. पावडर कोटिंगला फ्रेम देणार असाल तर नंबराच्या जागेवर टेप लावायला सांगा आणि तिथे स्वतः उभं राहून बघा.

मग दिवसाच्या उजेडात टॉर्च आडवी धरून बघा. मूळ जागेचा पृष्ठभाग ओतकामाचा किंवा मशीनचा, एकसारखा दिसतो. कानशीचे ओरखडे, खोलगट झालेली जागा, भोवती वेल्डिंगची कड, एकाच ओळीत दोन मापांचे आकडे, ही घासून पुन्हा ठोकल्याची लक्षणं आहेत. ट्रायम्फने साठच्या दशकाच्या अखेरीस नंबराच्या पट्टीवर कंपनीच्या नावाची उठावदार नक्षी घातली ती याचसाठी. घासलं की नक्षी जाते आणि चोरी उघडी पडते.

बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन अशा इंग्रजी इंजिनांवर आणखी एक खूण असते आणि ती फार कमी लोक पाहतात. गाडीखाली आडवं होऊन क्रँककेसचा तळ पुसा. दोन्ही अर्ध्यांवर, जोडाजवळ, तोच एक छोटा आकडा ठोकलेला असतो. दोन्ही अर्धे एकत्र मशीन केलेत, याची ती कारखान्याची खूण. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसराच आकडा निघाला, तर दोन इंजिनं जोडून एक केलंय असं समजा.

नंबर धड वाचता येत नसेल तर मापावर या. आरसीवर सीसी लिहिलेली असते. हेड उघडलं असेल तेव्हा व्हर्नियरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. बुलेट ३५० चा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०, म्हणजे ३४६ सीसी. जावा २५० चा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५. बीएसए एम२० आणि एम२१ दोघींचा बोअर ८२ च आहे, फक्त स्ट्रोक ९४ आणि ११२. म्हणून या दोघींत नुसता बोअर मोजून ४९६ आणि ५९१ सीसी यांतला फरक कळत नाही. स्ट्रोकही मोजावा लागतो. बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवला असेल तर बोअर थोडा वाढलेला निघतो, तेवढ्याने घाबरू नका.

सुटे भाग बोलतात, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा बनवली आणि १९७३ पासून तीच गाडी येझदी नावाने आली. त्यामुळे जावात येझदीचं इंजिन बसवणं मिस्त्रींना कधी अवघड गेलं नाही. इंजिनाच्या कव्हरवरचं 'जावा' हे नाव बघून निश्चिंत होऊ नका. कव्हर स्क्रूंवर बसतं, जुन्या बाजारात सुटं मिळतं. बघायचा तो केसवरचा ठसा.

बुलेटवर हेडलाइट, स्पीडोमीटर आणि फोर्कची वरची टोकं एकाच ओतीव खोळीत बसवायची पद्धत १९५४ च्या मॉडेलपासून आली. मद्रासमध्ये जुळणी सुरू झाली १९५५ ला. म्हणून साठच्या दशकातल्या मद्रासच्या बुलेटवर सुटा हेडलाइट दिसला तर पुढचा भाग बदललेला आहे. त्याच गाडीवर मिकार्ब कार्ब्युरेटर असेल तर तोही नंतरचा, त्या काळी अमल कंपनीचा असे. कार्ब्युरेटर, सीट, सायलेन्सर यांची नोंद आरसीवर नसते, पण 'मूळ रूप' बघायला अधिकारी येतील तेव्हा हे भाग त्यांना दिसणारच.

उलट बाजूही आहे. बीएसएच्या एम मालिकेच्या फ्रेममध्ये ओव्हरहेड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेलं) ५०० चं इंजिन दिसलं की लोक लगेच 'जोडगाडी' म्हणतात. बीएसएनेच एम३३ नावाने अशी गाडी बनवली होती, एमची फ्रेम आणि बी३३ चं इंजिन. अशा वेळी कारखान्याच्या नोंदी कामाला येतात. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या व्हिंटेज मोटार सायकल क्लबकडे अनेक कंपन्यांच्या पाठवणीच्या वह्या आहेत. नंबर कळवून फी भरली की ते दाखला देतात.

नंबर खरोखरच जुळत नसेल तर

माझ्या मामाच्या १९६६ च्या बुलेटचं उदाहरण देतो. आरसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर अक्षराला अक्षर जुळत होता. तरी तपासणीत गाडी बाजूला काढली गेली. इंजिनाच्या ठशातले ६ चे दोन्ही आकडे फ्रेमवरच्या ६ पेक्षा लहान होते आणि खाली कानशीच्या रेघा होत्या. चौकशी केल्यावर कळलं की ऐंशीच्या दशकात कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फुटली होती. गॅरेजवाल्याने दुसरी केस घातली आणि 'पुढे त्रास नको' म्हणून जुना नंबर स्वतःच तिच्यावर ठोकून दिला. चोरी कुणीच केली नव्हती, पण कागदावर ते चोरीसारखंच दिसत होतं. गाडी वाचली ती मामीमुळे. फुटकी केस तिने भंगारात जाऊ दिली नव्हती, माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली होती. तिच्यावर मूळ ठसा शाबूत होता. ती केस, त्या काळचं बिल आणि प्रतिज्ञापत्र घेऊन गेल्यावर सहा महिन्यांनी नोंद सरळ झाली.

तेव्हा नंबर स्वतः ठोकू नका आणि कुणाला ठोकू देऊ नका. ठसा झिजला असला तरी आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही. इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मुदत उलटून कित्येक वर्षं गेली असली तरी आधी हीच नोंद सरळ करा, व्हिंटेजचा अर्ज नंतर. इंजिन कुठून आलं त्याची पावती आणि शक्य असेल तर ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं जोडा. डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडीचा क्रमांक, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर टाकून ती चोरीच्या यादीत नसल्याचा दाखला काढता येतो. गाडी विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी हा दाखला काढाच. मात्र एक लक्षात ठेवा, बदललेल्या इंजिनाची नोंद कायदेशीर झाली म्हणजे गाडी 'मूळ रूपात' ठरली असं नाही. ते तपासणारे अधिकारी ठरवतात.

अर्जासोबत काय लागतं

अर्ज फॉर्म २० मध्ये, राज्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे. सोबत चालू विमा पॉलिसी, फी, आधी नोंदलेली गाडी असेल तर जुनं आरसी बुक आणि आयात गाडी असेल तर सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री. विमा पॉलिसी घेताना दोन्ही नंबर ठशावरून उतरवून द्या, एजंटला जुन्या पॉलिसीवरून नक्कल करू देऊ नका. तिथली एका आकड्याची चूकही अर्ज परत आणते. दोन्ही ठशांची पेन्सिल प्रिंट आणि जवळून काढलेले फोटो मागितले नसले तरी जोडा.

आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत. गाडी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन फॉर्म ३१ ने ती आधी स्वतःच्या नावावर करा. कागद पूर्ण असले तर साठ दिवसांत फॉर्म २३अ मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं.

पुढे गाडी विकलीत तर नव्वद दिवसांच्या आत तसं कळवावं लागतं. विकताना जुनी बिलं, दाखले, ठशांचे फोटो घेणाऱ्याला द्या, आणि माळ्यावर फुटकी क्रँककेस असेल तर तीही गाडीबरोबरच द्या.